बाल्कनीतलं लिंबू का रुसलं?

पान पिवळं पडलं की आपण पाणी घालतो. मग खत, मग औषध... आणि झाड आणखीच मान टाकतं! सांगलीच्या गच्चीवरून साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये आलेल्या एका लिंबाच्या आजारपणाची ही गोष्ट. तुमच्या ग्रिलमधल्या कुंडीलाही ती लागू पडेल.

जानेवारीतली सकाळ. एका हातात चहा, दुसऱ्या हातात मोबाईल, डोक्यात संध्याकाळची डेडलाईन. बाल्कनीचं सरकतं दार उघडलं आणि पायाखाली काहीतरी चुरचुरलं. बघते तर काय, पानं! एक-दोन नाही, चांगली ओंजळभर. आमच्या लिंबानं निम्मा संसार जमिनीवर टाकला होता. त्या पानांच्या मध्ये एक छोटंसं पिवळं लिंबूही पडलेलं होतं. झाडावरचं शेवटचं.

तेवढ्यात सांगलीहून फोन. आजी! तिचा पहिला प्रश्न नेहमीचाच, "लिंबू कसं आहे गं?"

"छान आहे की," मी म्हटलं. आणि पायानं पानं हळूच बाजूला सारली.

आता तुम्ही म्हणाल, एका कुंडीतल्या झाडासाठी आजीशी खोटं? नर्सरीत शे-दोनशे रुपयांत दुसरं मिळतं की! मिळतं. पण हे झाड दुसरं मिळणारं नव्हतं.

हे लिंबू साधं नाही

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. मागच्या अंगणात आजीनं लग्नानंतर लावलेलं कागदी लिंबाचं झाड होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरातल्या लोणच्यात त्याचा वाटा असायचा. ऑगस्ट २०१९मध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी चढलं ५७ फुटांच्या वर! आठवडाभर अंगण पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर गाळ काढला तेव्हा झाड उभं होतं, हिरवंही होतं. आम्ही खूश. पण पुढच्या तीन आठवड्यांत ते बसल्या जागी वाळलं. जमीन ओली आणि पानं मात्र तहानल्यासारखी, असं काहीतरी विचित्र मरण.

वाचलं ते एकच रोप. आजीनं आदल्या वर्षी डालड्याच्या डब्यात बी टाकून केलेलं, गच्चीवर ठेवलेलं. आणि इथे लिंबाची एक भारी गंमत आहे. कागदी लिंबाच्या एकाच बीतून अनेकदा दोन-तीन कोंब येतात. त्यातले बहुतेक कोंब परागीकरणातून नाही, तर थेट आईच्या पेशींपासून तयार झालेले असतात. म्हणजे असं रोप हे झाडाचं मूल नसून जवळजवळ तेच झाड असतं! आंब्याच्या कोयीचं काय निघेल याचा नेम नसतो, पण कागदी लिंबू बीपासूनही बहुतेक वेळा जसंच्या तसं येतं.

तर गच्चीवरचा तो डबा म्हणजे आजीचं झाडच होतं. पुढे मोठ्या कुंडीत ते वाढलं, सांगलीच्या उन्हात रंगलं आणि पहिली अकरा लिंबं देऊन गेलं. आजीला जिना चढवेना झाला, तेव्हा गेल्या दिवाळीत ते माझ्याकडे आलं. सव्वाशे किलोमीटरचा प्रवास, गाडीच्या मागच्या सीटवर, सीटबेल्ट लावून. आणि अडीच महिन्यांत मी त्याची ही अवस्था केली.

एका आठवड्यात पाच गुन्हे

आपल्या पिढीचा एक प्रॉब्लेम आहे. काहीही बिघडलं की लगेच 'ॲक्शन' घ्यायची! थांबून बघणं हा प्रकारच आपल्याला जमत नाही. मीही तेच केलं.

सोमवारी वाटलं, तहानलं असेल. दोन तांबे पाणी. मंगळवारी वाटलं, भूक लागली असेल. मूठभर युरिया. बुधवारी कुंडी उचलून हॉलमध्ये टीव्हीशेजारी आणली, थंडी वाजत असेल म्हणून. गुरुवारी कीड असेल म्हणून दुकानातून औषध आणून फवारलं. शनिवारी मोठी, चकचकीत, खाली मॅचिंग बशी असलेली कुंडी आणली. रविवारी उरलेली पानं गळायला लागली.

मग आईला फोन केला. आई शाळेत विज्ञान शिकवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अगं, एवढ्या गोष्टी एकदम केल्यास, तर आता कशामुळं काय झालं ते कळणार कसं?"

बोलती बंद! डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी नाडी न बघता पाच गोळ्या, दोन इंजेक्शनं आणि एक ऑपरेशन लिहून दिलं, तर आपण पळून येऊ. झाडाला पळता येत नाही एवढंच.

कुंडीतला महापूर

वाईच्या रस्त्यावर एक छोटी नर्सरी आहे. तिथल्या काकांना मोबाईलवरचे फोटो दाखवले. त्यांनी फोटो बाजूला ठेवले. "ताई, पानांचं नंतर बघू. आधी पांढरी मुळी दाखवा. कुंडी घेऊन या."

दुसऱ्या दिवशी रिक्षातून कुंडी नेली. काकांनी ती आडवी केली, कडेनं थापट्या मारल्या आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर काढला. आधी आला वास. गटाराचा म्हणतात ना, तसा. मग दिसली मुळं. तपकिरी, काळपट, मऊ. एक धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली आणि आत नुसता दोरा. वरच्या कडेला मात्र थोडी पांढरट, कडक मुळं शिल्लक होती. "हीच आपली इस्टेट," काका म्हणाले.

झालं होतं असं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते, ती मुळांना लागते. सतत पाणी साचलं की हवा बाहेर जाते, मुळं गुदमरतात आणि ओलीत वाढणारी बुरशी त्यांना कुजवते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून माती ओलीचिंब असताना पानं तहानेनं मलूल होतात. आणि आपण काय करतो? पानं मलूल दिसली की आणखी पाणी!

त्या नर्सरीत उभ्या उभ्या मला आजीचं अंगण आठवलं. ओली जमीन, तहानलेली पानं. हे मी आधी पाहिलं होतं. कृष्णेनं मोठ्या झाडाचं जे केलं, तेच मी तांब्यानं करत होते. थोडं थोडं, रोज, मायेनं.

काकांनी मला एक शब्द दिला. वाफसा. शेतकऱ्याच्या पोरांना हा शब्द माहीत असतो, आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांना नाही. जमीन पूर्ण कोरडीही नाही आणि चिखलही नाही, ओल आहे आणि हवाही आहे, अशी मधली अवस्था म्हणजे वाफसा. लिंबाला ती हवी असते. बोट दोन पेरं मातीत घालायचं. माती बोटाला चिकटली तर आज पाणी नाही. कोरडी लागली तर भरपूर पाणी, अगदी खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आणि बशीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाकायचं. रोज अर्धा ग्लास, हा फंडा सगळ्यात वाईट. वरची माती कायम ओली, खालची कधी कोरडी तर कधी सडकी.

माझ्या झाडाला आणखी एक अडचण होती. माती सांगलीची, नदीकाठची काळीभोर. शेतात ती सोनं पिकवते, पण कुंडीत तिचं वागणं वेगळं. ओली झाली की चिकट, वाळली की दगड आणि कडेनं भेगा. गच्चीवरच्या रणरणत्या उन्हात ती दोन दिवसांत सुकायची म्हणून निभावलं. साताऱ्याच्या हिवाळ्यात, बंद बाल्कनीत ती आठ-आठ दिवस ओलीच. त्यात मी आणलेली मोठी कुंडी! आजारी मुळांना जितकी जास्त माती, तितकं जास्त न वापरलेलं पाणी.

काकांनी कुजकी मुळं धारदार कात्रीनं कापली. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू साधारण सारख्या मापानं घेऊन, तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवून, झाड पुन्हा जुन्या, लहान, मातीच्या कुंडीत बसवलं. खाली मुळं कमी झाली म्हणून वरच्या फांद्याही तिसऱ्या हिश्शानं छाटल्या. "थंडीत माती बदलायची नसते खरं तर," ते म्हणाले, "पण मुळी सडत असली की मुहूर्त बघायचा नसतो." युरियाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. मुळं जायबंदी असताना खत म्हणजे उलट्या होणाऱ्या माणसाला बासुंदी. नवी पालवी दिसेपर्यंत खत बंद!

निघताना त्यांना त्या गळून पडलेल्या लिंबाचं सांगितलं. "सरबत करू नका बरं का. फ्रीजमध्ये ठेवा. होळीनंतर बी लावा." मला तेव्हा वाटलं, म्हणजे यांनाही या झाडाची खात्री नाही.

डोक्याला ऊन, पायाला बर्फ

पण सगळा दोष पाण्याचाच होता का? नाही. कारण ओंजळभर पानं पडली ती नेमकी कडाक्याच्या थंडीनंतर.

सांगली साडेपाचशे मीटरवर, सातारा त्याहून साधारण दोनशे मीटर उंच. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचे फोटो पेपरात येतात, त्या आठवड्यात आमच्या गोडोलीतही रात्री स्वेटरवर शाल लागते. पारा दहा-अकरावर. बाहेरच्या लिंबाला ही थंडी जीवघेणी नसते. पण माझी कुंडी कुठे होती? थेट फरशीवर.

लिंबूवर्गीय झाडांची वाढ साधारण १२-१३ अंशांच्या खाली जवळजवळ थांबते. मुळं गार पडली की पाणी ओढायचं काम मंदावतं. आता चित्र डोळ्यांपुढे आणा. बाल्कनी पूर्वेची, सकाळी आठला कोवळं ऊन काचेतून थेट पानांवर. पानं तापतात, त्यांतून पाणी बाष्प होऊन उडायला लागतं. ती खाली ऑर्डर देतात, पाणी पाठवा! खाली मुळं रात्रभर गार फरशीवर गोठलेली. ऑर्डर पोचते, माल येत नाही. मग झाड साधा हिशेब करतं. खर्च कमी करा, पानं टाका. मंदीत कंपन्या करतात तसाच हा लेऑफ!

उपाय इतका सोपा की हसू येईल. आई म्हणाली, "त्याला पाटावर बसव की." घरातला जुना लाकडी पाट कुंडीखाली गेला. फरशी आणि कुंडीच्या मध्ये लाकूड किंवा दोन विटा आल्या की गारवा बराच तुटतो, आणि खालून हवाही खेळते. शिवाय हिवाळ्यात पाणी सकाळी ऊन आल्यावर घालायचं, संध्याकाळी नाही. पहाटेच्या टाकीतलं बर्फासारखं पाणी थेट ओतायचं नाही. बादलीत काढून ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं.

हॉलमध्ये उजेड आहे की!

"पण थंडीतून हॉलमध्ये आणलं ते तरी बरोबर ना?" मी आईला विचारलं. तेही चूक. आपले डोळे फार फसवे असतात. अंधूक खोलीतही ते जुळवून घेतात आणि आपल्याला वाटतं, उजेड भरपूर आहे. मोबाईलवर उजेड मोजायचं एखादं ॲप घ्या आणि फिरून बघा. भर दुपारी उघड्या गच्चीवर आकडा लाख लक्सच्या आसपास जातो. खिडकीशी काही हजार. सोफ्याशेजारी काही शे! गच्चीवर वाढलेल्या झाडाला टीव्हीशेजारी ठेवणं म्हणजे तीन वेळा जेवणाऱ्याला दिवसाला एका बिस्किटावर ठेवणं.

लिंबाला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. बाल्कनीत तेवढं मिळत नसेल तर? एक, जिथे सर्वांत जास्त ऊन येतं ती जागा त्याला द्या, मनी प्लांटला सावलीत पाठवा. दोन, सोसायटीच्या गच्चीची परवानगी काढा. तीन, काच आणि पानं दोन्ही ओल्या फडक्यानं पुसा, धुळीचा थर बराच प्रकाश खातो. आणि जागा बदलायची तर एकदम नको, आठ-दहा दिवसांत हळूहळू. अचानक हलवल्यावर थोडी पानं गळणं नॉर्मल आहे. नव्या ऑफिसात पहिल्या महिन्यात आपलंही वजन उतरतंच!

ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात फक्त संत्र्या-लिंबांसाठी एक भलंमोठं दालन बांधलं. लाकडी पेट्यांमधली झाडं उन्हाळ्यात बागेत, हिवाळ्यात आत. दक्षिणेला तोंड, उंच खिडक्या, जाड भिंती. आत थंडी बेताची, उजेड भरपूर. सूत्र आजही तेच आहे. थंड आणि उजेडाची जागा चालते. उबदार आणि उजेडाचीही चालते. उबदार आणि अंधारी? तिथे लिंबू टिकत नाही. म्हणजे आपला हॉल!

तिकडे टोरांटोत

माझा मावसभाऊ टोरांटोत असतो. त्यालाही लिंबाचं वेड. बाहेर उणे पंधरा, त्यामुळे त्याचं झाड सात महिने घरात. ते आपलं कागदी नाही, मेयर लिंबू. फ्रँक मेयर नावाच्या माणसानं १९०८मध्ये ते चीनमधून अमेरिकेत नेलं. चीनमध्ये ते कुंडीतलं शोभेचं झाड म्हणूनच लावायचे. त्यामुळे घरात राहायची त्याला पूर्वीपासूनची सवय!

व्हिडिओ कॉलवर मी त्याला पाटाची आयडिया सांगितली. तो म्हणाला, "अगं, माझी पण पानं गळतायत. थांब, मी पण पाट शोधतो." कॅमेरा फिरवला तर त्याची कुंडी हीटरच्या जाळीशेजारी! मुळं उबदारच होती. तिथे खलनायक वेगळा. हीटरची कोरडी हवा, आणि डिसेंबरात जेमतेम नऊ तासांचा दिवस. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळं आणि ठिपके. लाल कोळी! कोरड्या, उबदार हवेत हे फोफावतात. त्यानं झाड बाथरूममध्ये नेऊन पानांना खालून-वरून आंघोळ घातली, आठवड्यानं पुन्हा घातली, हीटरपासून लांब ठेवलं आणि वर एलईडीचा ग्रो लाईट टायमर लावून रोज बारा-चौदा तास सुरू केला.

लक्षण तेच, पानगळ. कारण दोन टोकांची. दादानं माझा पाट वापरला असता तर काही फायदा नव्हता, आणि मी त्याचा दिवा लावला असता तर सडक्या मुळांना तो पुरला नसता.

पान वाचायला शिका

फेब्रुवारीच्या शेवटी पहिली पालवी फुटली. मी नाचायच्या बेतात, तर पानं पिवळी! शिरा हिरव्या आणि मधला भाग फिकट. पुन्हा आईला फोन. ती म्हणाली, "पिवळं म्हणजे काय? जुनं पान पिवळं का नवं? पूर्ण पिवळं का शिरा सोडून?" तेव्हा कळलं, पिवळ्या रंगाचीही बाराखडी असते.

जुनी, खालची पानं सगळीकडून सारखी फिकी पडली तर बहुधा नत्र कमी. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरला आणि बाकी पिवळं झालं तर मॅग्नेशियम. नवी पानं बारीक, अरुंद आणि ठिपकेदार पिवळी असली तर जस्त. नवी पानं फिकट आणि शिरांची जाळी हिरवीगार असली तर लोह. माझं हे शेवटचं.

पण थांबा, लगेच दुकानात पळू नका! लोह कमी 'दिसतं' याचा अर्थ मातीत लोह नाही असा नसतो. मातीत चुना जास्त असला, पाणी जड असलं, तर लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. बँकेत पैसे आहेत, पण अकाउंट फ्रीज! कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो का बघा. बोअरच्या पाण्याची ती सही असते. मुळं गार किंवा ओली राहिली तरी हेच लक्षण दिसतं. माझ्याकडे दोन्ही होतं, सोसायटीचं बोअर आणि नुकतीच सावरणारी मुळं.

म्हणून आधी पाणी बदललं. पिण्याच्या नळाचं पाणी, आणि जूननंतर पावसाचं. पत्र्याखाली बादली ठेवली की झालं! मार्चमध्ये एकदाच चिलेटेड लोह दिलं, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात. जड, चुनखडीच्या मातीत 'ईडीडीएचए' लिहिलेला प्रकार चांगला लागू पडतो. जी पानं पिवळी झाली होती, ती फारशी हिरवी झाली नाहीत. पुढची आली ती हिरवी आली. हे लक्षात ठेवा. उपाय लागू पडला का, हे जुन्या पानाला विचारायचं नाही. नव्या पानाला विचारायचं.

आणि सगळंच घरी उमगत नसेल तर आपल्याकडे कृषी विज्ञान केंद्रं आहेत, साताऱ्याचं बोरगावला. माती तपासून घेता येते. आपण शेतकरी नाही म्हणून लाजायचं कारण नाही.

फुकटे पाहुणे

गुरुवारी मी फवारलेलं ते औषध? तेव्हा झाडावर कीडच नव्हती! खरे पाहुणे आले ते एप्रिलमध्ये, पालवीबरोबर.

पानं हाताला चिकट लागतात, वर काजळीसारखा थर, आणि खोडावर मुंग्यांची ये-जा? वर मावा, खवले कीड किंवा कापसासारखा पिठ्या ढेकूण बसलेला असणार. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला येतात. कापसाच्या बोळ्यानं पुसा, पाण्याचा फवारा मारा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. भर उन्हात नको, पानं भाजतात. आठवड्यानं पुन्हा.

नव्या पानावर चंदेरी नागमोडी रेघ दिसली तर ती नागअळी. दिसायला भयंकर, पण चार पानांवर असली तर झाडाचं फार बिघडत नाही. पावसाळ्यात पानांवर आणि फळांवर खडबडीत तपकिरी फोड आले तर तो खैऱ्या, कागदी लिंबाचा जुना दुष्मन. ती पानं, फांद्या कापून टाका आणि पाणी पानांवर न घालता मातीत घाला.

आणि पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसायच्या आधी नीट बघा. ते हललं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी! मोठी झाली की हिरवीगार होते, हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. चार-पाच अळ्या लहान झाड बोडकं करतात. मी माझ्या दोन अळ्या शेजारच्या काकूंच्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडल्या, तोही त्यांना चालतो. काकूंना सांगून, अर्थात!

पाच मिनिटांचं चेकअप

ऑफिसला निघण्याआधी, याच क्रमानं.

१. नख लावा. फांदीची साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर झाड जिवंत आहे. पानं नसली तरी फेकू नका.

२. बोट घाला. दोन पेरं खोल. ओलं तर पाणी नाही. बशीत पाणी तर ओतून टाका.

३. वास घ्या. मातीला कुबट वास येत असेल तर मुळं तपासा.

४. पाय बघा. कुंडी गार फरशीवर, एसीच्या झोतात किंवा गरम हवेच्या तोंडाशी आहे का?

५. ऊन मोजा. घड्याळ लावून. 'बऱ्यापैकी येतं' हे उत्तर चालणार नाही.

६. पान उलटं करा. किडी खालच्या बाजूला राहतात.

७. सगळ्यात शेवटी खत. तेही पालवी असेल तरच.

आणि सुवर्णनियम म्हणजे एका वेळी एकच बदल. मग दोन-तीन आठवडे थांबा. झाडाचं घड्याळ आपल्या मेसेजच्या निळ्या खुणांवर चालत नाही.

आजीला खरं सांगितलं

मार्चमध्ये सांगलीला गेले तेव्हा धीर करून आजीला सगळं सांगितलं. पानगळ, युरिया, चकचकीत कुंडी, 'छान आहे' म्हणून मारलेली थाप. ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू एरवी फोनवर दहा मिनिटं बोलतीस. लिंबाचं विचारलं की दोन शब्दांत संपवायचीस." मग जरा वेळानं, "अंगणातलं गेलं तेव्हा मला नाही रडू आलं. गच्चीवर डबा होता ना. तू एकच ठेवलंस म्हणून तुला भ्या वाटलं."

परत आले त्या रात्री फ्रीजमधलं ते पिवळं लिंबू कापलं. सुरकुतलं होतं, पण बिया टपोऱ्या होत्या. लिंबाची बी वाळवून ठेवायची नसते, ताजीच लावायची. दह्याच्या डब्याला खाली भोकं पाडून त्यात दोन बिया पेरल्या.

आज हे लिहिताना मोठ्या झाडावर सव्वीस नवी पानं आहेत. हो, मोजलीत! फूल एकही नाही. यंदा येईल असं वाटतही नाही, मुळं आधी त्यांचा संसार मांडतील. पाट अजून कुंडीखालीच आहे, आणि पाहुणे आले की विचारतात, याला पाटावर का बसवलंय?

आणि दह्याच्या डब्यात? बिया दोनच होत्या. कोंब तीन आलेत. त्यातला एक मी सांगलीला पोचवणार आहे. गच्चीवर.